‘झेवियर’ : स्थलनाम, आडनाव, व्यक्तिनाम

नामाची व्युत्पत्ती लागली म्हणजे त्याचा उलगडा झाला, असा समज नामाभ्यासात पुष्कळदा आढळतो. ‘झेवियर’ या नामाचा इतिहास पाहता तो अपुरा ठरतो.

बास्क भाषेतील ‘एचे बेर्री’, म्हणजे ‘नवे घर’, या शब्दांपासून हे नाम सिद्ध झाले. स्पेनमधील नावार प्रांतातील एका गावास व तेथील गढीस ते होते. त्याच गढीत १५०६ मध्ये फ्रान्सिस यांचा जन्म झाला. पित्याचे कुलनाम ‘हासो’ असूनही ते ओळखले गेले मातृकुलाकडील या गढीवरून. आपल्याकडील ‘कर’प्रत्ययान्त आडनावांप्रमाणे येथे स्थलनाम हेच आडनाव झाले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास आले. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यानजीक निवर्तले. १२ मार्च १६२२ रोजी त्यांस संतपद मिळाले.

दुसरे स्थित्यंतर येथून सुरू होते. संतांची नावे मुलांस देण्याची कॅथलिक रीत होती. परंतु असिसीचे संत फ्रान्सिस आधीपासूनच विख्यात होते. म्हणून ‘फ्रान्सिस झेवियर’ असे जोडनाव रूढ झाले आणि त्यातील भेददर्शक अंश पुढे स्वतंत्रपणे वावरू लागला. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ मारी फ्रांस्वा ग्झाव्हिए बिशा (१७७१–१८०२) हे ‘ग्झाव्हिए बिशा’ म्हणूनच परिचित आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयाच्या (स्थापना १८६९) नावातूनही ‘फ्रान्सिस’ गळाले आहे.

गोमंतकीय कागदपत्रे अभ्यासणाऱ्यांनी याविषयी सावध असावे. ‘फ्रान्सिस्को झेवियर’ यापुढे अन्य आडनाव आल्यास ‘झेवियर’ हा व्यक्तिनामाचाच अंश होय. उलट, १९व्या शतकातील गावकरीसंस्थेचे इतिहासकार फिलीप नेरी झेवियर यांच्या नावात ‘झेवियर’ हे आडनाव आहे. व्यक्तिनामात शिरले आहे ते ‘नेरी’, म्हणजे १६२२ मध्ये त्याच दिवशी संतपद पावलेल्या फिलीप नेरी यांचे आडनाव. हा भेद न जाणता केलेल्या सूचीत एकाच घराण्याच्या नोंदी विखुरल्या जातील.

आज इंग्रजीभाषी देशांत संताशी श्रद्धेचा संबंध नसलेली कुटुंबेही हे नाव ठेवतात. ‘एक्स’ या अक्षराने आरंभ होणारी नावे इंग्रजीत अत्यल्प असल्याने त्यास अपूर्वता लाभते. १९६३ मध्ये आरंभ झालेल्या ‘एक्स-मेन’ या चित्रकथेतील प्राध्यापक झेवियर या पात्रानेही ते सर्वतोमुखी केले. ‘नवे घर’ हा अर्थ मात्र नाव ठेवणाऱ्यांस क्वचितच अभिप्रेत असतो. व्युत्पत्ती नामाचे मूळ दाखविते. ते का निवडले गेले, याचे उत्तर त्या त्या समाजाच्या स्मृतीत व अभिरुचीत शोधावे लागते.