समुद्राकाठचे गोडे पाणी : बालमित्रांसाठी वसईची ओळख



पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर, दक्षिणेस वसईची खाडी आणि उत्तरेस वैतरणा नदी, अशा चतुःसीमेत आपली वसई वसलेली आहे. येथील हवा उष्ण व दमट. लाटांचा आवाज ऐकू येईल इतक्या जवळ केळीच्या बागा डोलतात आणि तेथील विहिरींचे पाणी गोड लागते. खाऱ्या समुद्राशेजारी गोडे पाणी कसे, हा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे काय? त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी आपण या भूमीचा इतिहास थोडक्यात पाहू या.

सागरमार्गाने आलेले पाहुणे

आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील बुरुड राजाच्या कोटाचे उत्खनन केले, तेव्हा बौद्ध स्तूप उजेडात आला. त्यातील दगडी पेटीत करंडक व सोन्याची फुले होती. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या आज्ञेचा शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ साली भुईगाव येथे नवव्या आज्ञेचा तुकडा मिळाला. सुमारे २,२०० वर्षांपूर्वी येथे मोठी वस्ती होती, याची ही साक्ष होय.

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. पुढील दोनशे वर्षांत किल्ल्यात चर्च, मठ आणि वाडे उभे राहिले. याच वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ साली त्यांना संतपद बहाल करण्यात आले. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी किल्ला जिंकला. पोर्तुगीज गेले, किल्ल्यातील चर्चच्या घंटा महाराष्ट्रातील देवळांत पोहोचल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच एक मानली जाते. मात्र येथील कष्टकरी ख्रिस्ती शेतकरी आपल्या वाडीतच राहिला.

धर्म दोन, बोली एक

राज्ये बदलली, तरी घरातील भाषा बदलली नाही. सामवेदी समाजात ख्रिस्ती कुटुंबे आहेत, तशीच हिंदू कुटुंबेही आहेत. दोहोंची बोली एकच. तिला कादोडी असेही म्हणतात. वाडवळांतही दोन्ही धर्मांचे लोक आहेत. पाचूबंदर, अर्नाळा येथील कोळी बांधवांची बोली आणखी निराळी. चर्चमधील उपासना पूर्वी लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) ती मराठीत होऊ लागली. वसईचे सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली ते निवर्तले.

विहिरीचे रहस्य

आता आपल्या प्रश्नाकडे वळू या. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते. पावसाचे पाणी जमिनीत मुरले की ते खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगते आणि समुद्राला आत येऊ देत नाही. आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते. पावसाचे पाणी साठून हळूहळू जमिनीत मुरावे म्हणून त्यांनी गावोगावी खोल तळी राखली. त्यांनाच आपण बावखले म्हणतो. बावखलांमुळे विहिरी भरत आणि बैलाच्या रहाटाने बागायतीला पाणी मिळे. त्याच पाण्यावर राजेळी केळी पिकली. ती सोलून, उन्हात वाळवून, केळीच्या सुक्या पानांत बांधली की सुकेळी तयार होत. पानवेल, फुले आणि भाजीपालाही याच पाण्यावर वाढून मुंबईच्या बाजारात गेला.

परंतु बावखले बुजवली आणि टँकर भरण्यासाठी विहिरी बेसुमार उपसल्या, तर काय होईल? गोड्या पाण्याचा थर पातळ होतो व खारे पाणी आत शिरते. मग विहीर मचूळ होते आणि बागायत सुकू लागते. किनारपट्टीवरील अनेक विहिरींनी हे भोगले आहे. म्हणूनच फादर दिब्रिटो यांनी सर्व धर्मांच्या लोकांना बरोबर घेऊन ‘हरित वसई’ची चळवळ उभारली होती. २०११ च्या जनगणनेनुसार वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. घरे हवीतच, पण पाणी मुरण्यास मोकळी जमीनही हवी.

तुमचे काम

बोलीचेही विहिरीसारखेच आहे. रोज भर पडली नाही, तर ती आटते. घरात आजी-आजोबा कादोडी बोलतात आणि नातवंडे दुसऱ्याच भाषेत उत्तर देतात, असे आम्हांला आज अनेक घरांत दिसते. म्हणून या सुट्टीत दोन कामे अवश्य करा. आपल्या आळीतील बावखल कोठे होते, ते आजोबांना विचारून त्याचा नकाशा काढा. आजीकडून बोलीतील वीस शब्द ऐका, वहीत लिहा आणि ते तिच्याशीच बोलताना वापरा. आजी हसली, तरी थांबू नका. तिला मनातून आनंदच होईल.