श्रेणीबद्ध माहितीचे क्रमवार वाचन : डी-थ्री लायब्ररीतील 'इटरेबल' सुविधा

प्रस्तावना :
जिल्हा, तालुका, गाव आणि पाडा ही रचना श्रेणीबद्ध माहितीचे परिचित उदाहरण होय. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी हे ६ तालुके आहेत. सातपुड्यातील अनेक गावे विखुरलेल्या पाड्यांची बनलेली असल्याने या माहितीवृक्षाच्या सर्व शाखा सारख्या खोलीच्या नसतात. अशी माहिती आकृतिरूपाने मांडण्यासाठी जावास्क्रिप्ट भाषेतील डी-थ्री ही लायब्ररी उपयोगी पडते. तिच्या २०२० मधील सहाव्या आवृत्तीतील एका बदलाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना :
ज्या रचनेतील घटक ठरलेल्या पद्धतीने एकामागून एक मागता येतात, तिला 'इटरेबल' म्हणतात. जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या प्रमाणकाने ही पद्धत निश्चित केली. ॲरे, सेट व मॅप या रचना 'फॉर-ऑफ' आवर्तनात थेट वापरता येऊ लागल्या. डी-थ्रीचा वृक्ष मात्र तसा नव्हता. त्यातील घटकांसाठी 'ईच' ही क्रिया वापरावी लागे, किंवा सर्व वंशजांचा ॲरे आधी तयार करावा लागे. 'ईच' सुरू झाल्यावर हवा तो घटक मिळताच थांबण्याची सोय नव्हती.

बदलाचे स्वरूप :
हा बदल दुहेरी आहे. पहिला, एखाद्या घटकाची अपत्ये ॲरेऐवजी कोणत्याही इटरेबल रूपात देता येतात. दुसरा, वृक्षातील प्रत्येक घटक स्वतःच इटरेबल झाला. अक्राणीच्या घटकापासून आवर्तन सुरू केल्यास केवळ त्याच तालुक्यातील गावे व पाडे क्रमाने मिळतात, आणि इष्ट घटक सापडताच आवर्तन थांबविता येते.

क्रमाचे महत्त्व :
हे वाचन स्तरानुसार होते. प्रथम जिल्हा, २ ते ७ या क्रमांकांवर तालुके, त्यानंतर गावे आणि सर्वांत शेवटी पाडे येतात. परिणामी ठरावीक संख्येनंतर आवर्तन थांबविल्यास नेमके पाडेच वगळले जातात आणि संगणक कोणतीही त्रुटी दाखवीत नाही. गावाखालोखाल त्याचे पाडे अशी यादी हवी असल्यास 'ईच-बिफोर', तर पाड्यांवरून गाव व तालुक्याची बेरीज करावयाची असल्यास 'ईच-आफ्टर' ही क्रिया योग्य ठरते.

निष्कर्ष :
इटरेबल सुविधेमुळे आज्ञावली सुटसुटीत होते. तथापि वाचनाचा क्रम दृष्टीआड होतो. विद्यार्थ्यांना ही सुविधा शिकविताना क्रम व थांबण्याची अट या दोहोंचा विचार प्रथम शिकविणे आवश्यक आहे; अन्यथा वृक्षाच्या टोकावरील वस्ती माहितीत असूनही निष्कर्षात दिसणार नाही.