बुद्धिबळ इंजिनासाठी स्वतंत्र ‘ओपनिंग बुक’ : रचना, निवड आणि अध्यापनातील उपयोग

प्रस्तावना

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील नंदगडसारख्या गावी बुद्धिबळाची आवड असलेल्या विद्यार्थ्याला संगणकावरील इंजिन आज विनामूल्य मिळू शकते. ‘स्टॉकफिश’ हे त्याचे परिचित उदाहरण होय. तथापि अशा इंजिनाशी खेळून तो सहसा हरतो, आणि आपण नेमके कोठे चुकलो हे त्याला उमगत नाही. डावाच्या सुरुवातीच्या चालींवरील बहुतेक ग्रंथ इंग्रजीत असल्याने तोही मार्ग त्याला अवघड जातो. शिक्षकाने वर्गात एक सुरुवात शिकवावी आणि इंजिनाने दुसरीच खेळावी, असे झाल्यास सराव व अभ्यासक्रम यांचा मेळ बसत नाही. इंजिनासाठी स्वतंत्र ‘ओपनिंग बुक’ तयार करणे हा यावरील एक सुलभ उपाय आहे. असे पुस्तक कसे तयार होते आणि ते करताना शिक्षकाने कोणती दक्षता घ्यावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

तअबियापासून संगणकापर्यंत

सुरुवातीच्या चालींचा संग्रह करण्याची कल्पना नवी नाही. नवव्या शतकातील अल्-अदली व दहाव्या शतकातील अस्-सूली या शतरंजच्या अरबी ग्रंथकारांनी मोहऱ्यांच्या प्रारंभिक मांडणीला ‘तअबिया’ म्हणजे युद्धातील व्यूहरचना म्हटले. ‘मुजन्नह’ म्हणजे पंख असलेली, अशी नावेही या मांडण्यांना होती. आजचे बुद्धिबळपटू सुरुवातीतून निर्माण होणाऱ्या ठरावीक स्थितीला ‘ताबिया’ म्हणतात, तो हाच शब्द होय.

हे ज्ञान हाताशी नसणे किती महाग पडते, हे मीर सुलतान खान यांच्या उदाहरणावरून दिसते. पंजाबात हिंदुस्थानी पद्धतीचे बुद्धिबळ शिकलेले हे खेळाडू १९२९ मध्ये इंग्लंडला गेले. देशी खेळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जात असे; त्यामुळे युरोपीय सुरुवाती त्यांना अपरिचित होत्या आणि हीच त्यांच्या खेळाची कमकुवत बाजू मानली गेली. तरीही १९२९, १९३२ व १९३३ या वर्षी त्यांनी ब्रिटिश विजेतेपद मिळवले आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत कापाब्लांका यांना हरवले. फिडे या जागतिक संघटनेने त्यांना २०२४ मध्ये मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर किताब दिला. प्रतिभा होती, उणीव होती ती पुस्तकाची.

संगणकाच्या बाबतीतही पुस्तकाचे महत्त्व दिसून आले आहे. १९९७ मध्ये कास्पारोव्ह यांच्याशी खेळलेल्या ‘डीप ब्लू’साठी जोएल बेंजामिन आदी ग्रँडमास्टरांनी सुमारे ४,००० स्थितींचे पुस्तक हाताने रचले होते. त्याखेरीज सुमारे ७ लाख डावांवरून एक विस्तारित पुस्तकही बनवले होते. निर्णायक सहाव्या डावात आठव्या चालीला संगणकाने ई६ या घरावर घोड्याचा बळी दिला. ती चाल गणनेतून आलेली नव्हती, पुस्तकातील होती. कास्पारोव्ह यांनी १९ चालींतच डाव सोडला.

पुस्तकात नेमके काय असते?

फाबियाँ लेतूझे यांच्या ‘पॉलिग्लॉट’ या मुक्त प्रणालीचे पुस्तक आज सर्वत्र वापरले जाते. यात डाव साठवले जात नाहीत. स्थिती साठवल्या जातात. प्रत्येक नोंद १६ बाइटची असते. त्यांपैकी ८ बाइट स्थितीच्या ओळखक्रमांकासाठी, २ चालीसाठी, २ त्या चालीच्या वजनासाठी व उरलेले ४ अनुभवाच्या नोंदीसाठी राखलेले असतात. म्हणजे एक लाख नोंदींचे पुस्तक केवळ १६ लाख बाइटचे होते. ते जुन्या संगणकावरही सहज चालते आणि त्याला इंटरनेट लागत नाही.

ओळखक्रमांक काढण्याची रीत अल्बर्ट झोब्रिस्ट यांनी १९७० मध्ये मांडली. ६४ घरांवरील १२ प्रकारच्या मोहऱ्यांसाठी ७६८, किल्लेकोटाच्या हक्कांसाठी ४, ‘आँ पासाँ’साठी ८ आणि चाल कोणाची हे सांगण्यासाठी १, अशा एकूण ७८१ यादृच्छिक संख्या आधीच ठरवलेल्या असतात. समोरच्या स्थितीला लागू पडणाऱ्या संख्या विशिष्ट रीतीने एकत्र केल्या की ओळखक्रमांक मिळतो. पांढऱ्याने आधी डी४ व मग सी४ खेळो, किंवा उलट क्रमाने. काळ्याने मध्ये घोडा एफ६ वर आणला असेल तर दोन्ही वाटांनी स्थिती एकच होते आणि क्रमांकही एकच येतो.

तयार करण्याची रीत

प्रथम डाव गोळा करावेत. ते पीजीएन या साध्या मजकुराच्या स्वरूपात असावे लागतात. लिचेससारख्या संकेतस्थळांवरील डाव विनामूल्य मिळतात. शाळा-महाविद्यालयातील स्पर्धांचे कागदावर नोंदवलेले डावही टंकित करता येतात. त्यानंतर पॉलिग्लॉटला ‘मेक-बुक’ ही आज्ञा द्यावी. ‘मॅक्स-प्लाय’ने पुस्तकाची खोली ठरते. येथे पांढऱ्याची व काळ्याची चाल स्वतंत्र मोजली जाते, म्हणून प्रत्येकी दहा चालींसाठी २० हा आकडा द्यावा. ‘मिन-गेम’ने एखादी चाल किमान किती डावांत आली असेल तरच घ्यावी, हे ठरते. शिक्षकाने अभ्यासक्रमातील चाली स्वतः लिहून दिल्या असतील, तर हा आकडा १ ठेवावा. अन्यथा एकदाच लिहिलेली चाल गळून जाईल. केवळ पांढऱ्याच्या किंवा केवळ काळ्याच्या चालींचे पुस्तकही करता येते. विद्यार्थी पांढऱ्याने सराव करणार असेल, तर इंजिनाला काळ्याचे पुस्तक पुरेसे होते.

वजन आणि त्यातील धोका

प्रत्येक चालीचे वजन निकालांवरून ठरते. चाल करणाऱ्या बाजूच्या विजयाला २ गुण, बरोबरीला १ व पराभवाला शून्य. समजा, एक चाल ४० डावांत आली, त्यांत १८ विजय व १२ बरोबरी झाल्या. तिचे वजन ४८. दुसरी चाल ४ डावांत येऊन चारही जिंकली. तिचे वजन ८. दोन्हींमधून वजनाच्या प्रमाणात निवड केल्यास इंजिन सातपैकी सुमारे सहा वेळा पहिली चाल खेळेल.

येथेच खरा धोका आहे. नवशिक्या मुलांच्या डावांत ई४, ई५ नंतर वजीर एच५ वर नेणारा खेळाडू पुष्कळदा जिंकतो. कारण पुढे उंट सी४ वर आला की प्रतिस्पर्धी गडबडीने घोडा एफ६ वर आणतो आणि एफ७ वर मात होते. वास्तविक काळ्याने आधी घोडा सी६ वर आणून मग प्यादे जी६ वर सरकवले की वजिराला माघार घ्यावी लागते. परंतु केवळ अशाच डावांवरून पुस्तक केले, तर वजिराच्या चालीला भरघोस वजन मिळेल. आकडे खोटे नसतात; ते फक्त कोण कोणाशी खेळले, एवढेच सांगतात. म्हणून डावांची निवड हेच पुस्तककर्त्याचे मुख्य काम ठरते.

तपासणी

तयार पुस्तक ‘सिड’सारख्या विनामूल्य प्रणालीत उघडून प्रत्येक फांदी पाहावी. पुस्तक जेथे संपते त्या स्थितीचे इंजिनाकडून मूल्यमापन करून घ्यावे. एखादी बाजू तेथे स्पष्टपणे हरत असेल तर दोष मागे शोधावा. पुस्तकाची फाइल थेट बदलण्यापेक्षा मूळ पीजीएन दुरुस्त करून पुस्तक पुन्हा बनवणे सोपे जाते. आजचे स्टॉकफिश स्वतःचे पुस्तक बाळगत नाही. म्हणून ते पॉलिग्लॉटमार्फत किंवा खेळाच्या दर्शनी प्रणालीतून जोडावे.

समारोप

पुस्तकाशिवायही आजचे इंजिन माणसाला सहज हरवते. तेव्हा या पुस्तकाचा हेतू इंजिन बलवान करणे हा नसून ते उपयुक्त सोबती बनवणे हा आहे. पुस्तकातील नोंदींना भाषा नसते. सीमाभागातील मराठी, कन्नड किंवा उर्दू माध्यमाचा विद्यार्थी ते सारखेच वापरू शकतो. विद्यार्थ्यांनीच डाव निवडले, वजने तपासली आणि चुकीची चाल का काढली याचे कारण वहीत लिहिले, तर बुद्धिबळाबरोबर माहितीची पारख करण्याचे शिक्षणही त्यांना मिळेल. सुलतान खान यांना जे सहज लाभले नाही, ते आज एका लहान फाइलमध्ये मावते. ती फाइल कोणाच्या डावांवरून भरायची, हा निर्णय मात्र यंत्राचा नसून शिक्षकाचा आहे.