नोकरी सोडल्यावरही हात बांधलेले?

दिवाळीच्या सुमारास राणीसावरगावच्या डोंगरपट्ट्यातून कोयते ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत दुसरा मुकादम जास्त भाव देत असला तरी त्याच्याकडे जाता येत नाही. हे बंधन आपल्या ओळखीचे आहे. पण त्याच घरातला मुलगा शिकून पुण्याच्या कंपनीत लागतो, तेव्हा नेमणूकपत्राच्या मागच्या पानावर त्याचाच भाऊबंद इंग्रजीत छापलेला असतो. नोकरी सोडल्यावर दोन वर्षे याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीत जायचे नाही. मुलगा सही करतो. नाही म्हणून सांगतो कुणाला?

या अटीला कायद्यात वजन किती? भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम २७ प्रमाणे, कोणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. म्हणून नोकरी संपल्यानंतरची बंदी आपल्याकडे कोर्टात सहसा टिकत नाही.

नोकरीची ठरलेली मुदत चालू असेल तर मात्र गोष्ट वेगळी. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांच्या कराराने बांधलेला होता. टायरमध्ये वापरायचे सूत तयार करण्याचे शिक्षण त्याला कंपनीने दिले होते. १९६४ साली तो जादा पगारावर कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १९६७ साली न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण कराराची मुदत संपेपर्यंत आणि तशाच कामापुरती. बाँडच्या पैशांचाही हिशेब निराळा. तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची विजया बँकेची अट २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध मानली.

आता पगाराचे. दुसरीकडून बोलावणे आले आहे म्हटले की साहेब पगार वाढवतो, हा बाजाराचा साधा नियम. ती वाटच बंद झाली तर वाढ मागायची कशाच्या जोरावर? अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २००८ पासून तासावर मजुरी घेणाऱ्यांसाठी अशा अटींना आळा घातला. पुढे अभ्यासकांना तिथली मजुरी सरासरी दोन-तीन टक्क्यांनी वाढलेली दिसली. कॅलिफोर्नियात तर ही अट लागूच होत नाही, तरी करारात ती छापलेली सापडते. कारण अर्धे काम भीतीच करते. वकिलाची नोटीस गावाकडच्या पत्त्यावर आली की आई-वडील हादरतात, आणि मुलगा मुकाट्याने जुन्याच पगारावर राहतो.

तेव्हा सही करताना कराराची एक प्रत मागून घ्यावी. मुदत किती, बाँड किती, हे आधी पाहावे. कंपनीची गुपिते मात्र नोकरी सुटल्यावरही बाहेर फोडता येत नाहीत. नोटीस आलीच, तर परभणीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्न असणाऱ्यांना तिथे वकिलाची मदत मोफत मिळते.