जपानी सुलेखनाआधी मोडी गिरवा
शोदो, म्हणजे जपानी सुलेखन, तेल्हाऱ्यात राहून शिकायचं तर आधी मोडी गिरवावी, असं माझं मत आहे. मोडीत बोरू फारसा न उचलता अक्षरं वळवत नेतात. जपानी ‘सोशो’ शैलीतही वेगापायी रेघा जुळतात, काही गळतात. दोन्हीकडे हाताची चाल वाचायची असते.

बोरूच्या रेघेची जाडी तिरप्या कापावर ठरते, कुंचल्याच्या रेघेची दाबावर, असं कुणी म्हणेल. ही हरकत रास्तच. दाब वेगळा शिकावा लागेल, तोही ‘काइशो’ या सुट्या, ठाशीव शैलीपासून. पण ‘जपानी भाषाच येत नाही’ ही सबब लंगडी. कूकाई हा भिक्षू ८०६ मध्ये चीनहून जपानला परतला तो सिद्धम् लिपीतले ग्रंथ घेऊनच. ब्राह्मीच्या कुळातल्या त्या लिपीतली बीजाक्षरं तिथे आजही लिहितात, म्हणजे नातं जुनंच आहे!