जुन्या जीपगाडीस चारही चाकांची नित्य गति

गोंदिया जिल्ह्याचा धानाचा मुलूख ज्यांनीं ऐन पावसाळ्यांत पाहिला असेल, त्यांस तेथील वाटांचें वर्णन ऐकविण्याची गरज नाहीं. कोहमाऱ्यावरून देवरीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ कठीण व कोरडा. पण अर्जुनी-मोरगांवाच्या बाजूस एखाद्या शेतवाटेला गाडी घातली, कीं बांध्यांतला चिखल चाकें गिळूं पाहतो. अशा मुलखांत एखाद्या घरीं आजोबांच्या वेळची जीपगाडी जपून ठेवलेली आढळली, तर त्यांत नवल नाहीं. नवल आहे तें निराळेंच. या जुन्या गाडीचा ट्रान्सफर केस बदलून तिच्या चारही चाकांना सदासर्वदा गति द्यावी, असा मनोरथ हल्लीं कित्येक तरुणांच्या मनांत घोळूं लागला आहे.

हा विषय मोटारमिस्त्र्यांचा, कुटुंबाच्या मासिकांत तो कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु जेथें गाडी सामाईक, तेथें तिजवरचा खर्चहि सामाईक. आणि तिच्यांत बसून शाळेस जाणारीं मुलेंहि साऱ्या घराचीं असतात.

जीपच्या पुढच्या चाकांना गति मुळांतच मिळते, मग नवें तें काय? जुन्या जीपमध्यें गिअर-बॉक्सच्या मागें ट्रान्सफर केस असतो. त्याचा दांडा ओढला, कीं पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांशीं जखडले जातात व दोहोंना अगदीं सारखे फेरे घ्यावे लागतात. चिखलांत हें ठीक, कारण तेथें चाकाला थोडें घसरावयास जागा असते. डांबरी रस्त्यावर तशी सोय नाहीं. महायुद्धांतील विलिस जीपच्या पुढच्या व मागच्या चाकांत ८० इंचांचें अंतर होतें. मागच्या आंसाचा मध्य १५ फूट त्रिज्येनें काटकोनांत वळला, तर तो सुमारें साडेतेवीस फूट चालतो आणि पुढचा पावणेसव्वीस. ही दोन फुटांहून अधिक तफावत जखडलेल्या शाफ्टांना कोठेंच जिरवितां येत नाहीं. मग सुकाणू जड होतें, टायर खरडतात, आणि केव्हां तरी एखादा क्रॉस तुटतो. म्हणून डांबरावर येतांच दांडा परत ढकलावा लागतो.

नित्य गतीच्या गाडींत या तफावतीसाठीं दोन शाफ्टांच्या मध्यें तिसरें डिफरेन्शियल बसविलेलें असतें. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेंतील क्लिंटनव्हिल गांवच्या कारखान्यांत बनलेल्या एफ.डब्ल्यू.डी. मालमोटारी पहिल्या महायुद्धांत हजारोंनीं धांवल्या, त्यांत ही योजना होती. १९७० सालच्या रेंज रोव्हरनें ती सुखवस्तु लोकांपर्यंत नेली. गंमत अशी, कीं १९७३ पासून अमेरिकेंत कांहीं मालगाड्यांना नित्य गतीचा ‘न्यू प्रोसेस २०३’ हा ट्रान्सफर केस येऊं लागला, तेव्हां पेट्रोलच्या खर्चास कंटाळून कित्येक मालकांनीं तो उलट जुन्या पद्धतीचा करून घेतला!

आतां हा बदल करावयाचा म्हणजे काय काय करावें लागतें तें पाहूं. नुसती पेटी आणून बोल्ट आवळले, कीं झालें, असें मुळींच नाहीं. जीपच्या पुढच्या आंसाचें डिफरेन्शियल मध्यावर नसून एका अंगास असतें. नव्या पेटींतून शाफ्ट त्याच अंगास निघाला पाहिजे. गिअर-बॉक्सशीं ती जोडण्यास मधली तबकडी घडवावी लागते व शाफ्टांची लांबी बदलावी लागते. पुढचा शाफ्ट आजवर कोरड्या रस्त्यावर भार वाहत नव्हता; आतां तो नेहमींच वाहणार, म्हणून त्याचा तोल व कोन नीट साधला पाहिजे. चाकांपाशीं साधा क्रॉस असेल, तर वळतांना चाक प्रत्येक फेऱ्यांत दोनदां जलद व दोनदां मंद होतें आणि त्याचे हिसके सुकाणूवर बसतात. तेथें सम-गतीचे सांधेच हवेत. चारही टायर सारख्या झिजेचे ठेवावे लागतात, नाहींतर मधलें डिफरेन्शियल सरळ रस्त्यावरहि फिरत राहून तापतें. दोन टायर यंदा व दोन पुढल्या वर्षीं, ही आपली काटकसर तेथें चालत नाहीं. आणि मध्यें कुलूप नसेल, तर एक चाक चिखलांत गरगरूं लागतांच उरलेलीं तिन्ही स्वस्थ बसतात. म्हणजे ज्यासाठीं खटाटोप केला, तेंच साधत नाहीं.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट बहुधा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. जुन्या जीपचा हातब्रेक मागच्या चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर असतो. पेटी काढली, कीं तोहि निघाला. नव्या पेटीवर किंवा मागच्या चाकांवर त्याची सोय आधीं झाली नाहीं, तर तलावाच्या उतारावर उभी केलेली गाडी आंतल्या मुलांसह चालूं लागावयास कितीसा वेळ?

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमानें मूळ उत्पादकाच्या रचनेहून निराळा फेरफार करण्यास मनाई केली आहे, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती कडक अर्थानेंच लाविली. अपघात घडल्यास विमा कंपनी हाच फेरफार पुढें करून हात आंखडता घेईल, ही भीति वेगळीच. तेव्हां कारखान्यांत गाडी नेण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत लेखी विचारणा करावी. मिस्त्र्याचें ‘काहीं होत नाहीं’ हें आश्वासन कागदावर येत नसतें.

आमचें मत विचाराल, तर धानाच्या पैशांतून हा खर्च करूं नये. आहे तीच पेटी उघडून तिच्या झिजलेल्या बेअरिंगा व तेलाचीं सीलें बदलावीं, चांगले खांचेदार टायर घालावे, आणि घरांतील जी जी व्यक्ति गाडी चालविते, तिला दांडा केव्हां ओढावा व केव्हां सोडावा हें शिकवावें. सुनांना व मुलींनाहि. चिखलांत शिरण्यापूर्वीं ओढावा, रुतल्यावर नव्हे. ज्यांस नित्य गतीच हवी, त्यांनीं ती कारखान्यांतूनच घेऊन आलेली गाडी पाहावी. आणि एवढेंहि ऐकून घरच्या चिरंजीवांचा हट्ट कायमच असेल, तर मिस्त्र्याशीं किंमत ठरविण्यापूर्वीं ‘हातब्रेक कोठें बसविणार?’ हा प्रश्न वडील मंडळींनीं समक्ष विचारावा, आणि काम झाल्यावर भरलेली गाडी चढावर उभी करवून त्याचें उत्तर पाहून घ्यावें.