पापणीचं तेल अडवतं कोण?

लेखांक ९

सूरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज भरून ट्रक आलापल्लीकडे धावू लागले की रस्त्याकडेची झाडं तांबडी होतात आणि मोटारसायकलवरून मागे येणाऱ्यांचे डोळेही. मोह वेचायच्या दिवसांत झाडाखालचा पालापाचोळा जाळल्याचा धूर असतो, घरात चुलीचा. डोळ्यांवर पाणी मारलं की दोन दिवसांत बरं वाटावं, असा आपला हिशेब. पण काहींच्या पापण्यांच्या कडा महिनोन्‌महिने लाल राहतात. सकाळी चिपडं, केसांच्या मुळाशी कोंडा, मधूनच रांजणवाडी. डॉक्टर याला ब्लेफरायटिस म्हणतात. धूळ तर केव्हाच धुऊन गेली. मग सूज टिकवतंय कोण?

पापणीच्या काठावर आतल्या बाजूला बारीक छिद्रांची एक रांग असते. ती मायबोमियन ग्रंथींची तोंडं. जर्मन वैद्य हाइन्रिख मायबोम यांनी १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. या ग्रंथींतून तेल पाझरतं, अश्रूंवर त्याचा पातळ थर पसरतो आणि डोळा सुकत नाही. तोंड बुजलं की तेल आत साचून घट्ट होतं आणि डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपत राहतं.

खापर बरेच दिवस जंतूंवर फुटत होतं, विशेषतः स्टॅफिलोकोकस ऑरियसवर. पण हा जंतू निरोगी माणसांच्या अंगावरही सापडतो. १९८७ साली बार्टली मॉन्डिनो आणि सहकाऱ्यांनी सशांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात सशांच्या शरीराला या जंतूच्या पेशीभित्तिकेची आधीच ओळख करून दिली होती, म्हणजे जंतू भेटताच प्रतिकार उठावा. दुखण्यात जंतूइतकाच त्याच्याविरुद्ध उठलेल्या प्रतिकाराचाही हात असतो, ही शंका त्यानंतर बळावली.

खरी गंमत उंदरांत कळली. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डॅनियल सबान यांच्या गटाने उंदरांना अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनाची ॲलर्जी जडवली आणि मग तेच प्रथिन त्यांच्या डोळ्यांत घातलं. पापण्या सुजल्या, हे अपेक्षितच होतं. पण तेलग्रंथींची तोंडंही बुजली. हे काम न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचं निघालं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत निम्म्याहून अधिक भरणा यांचाच असतो आणि जखमेवर सगळ्यांत आधी त्याच धावतात. त्यांना आवर घातल्यावर अडथळाही कमी झाला. २०१८ सालच्या त्याच शोधनिबंधात माणसांचे अश्रूही तपासले होते. ज्यांच्या ग्रंथी बिघडलेल्या, त्यांच्या अश्रूंत या पेशी जास्त. आणि दुखणं जितकं जोराचं, तितक्या त्या अधिक. केवळ उंदरांवर भागवलं नाही, म्हणून मला हा निबंध मोलाचा वाटतो.

पण पेशी छिद्र बुजवते कशी? न्यूट्रोफिल मरताना आपल्याच डीएनएचे धागे बाहेर फेकतो आणि त्यांत जंतू अडकवतो. बर्लिनच्या संशोधकांनी हे २००४ साली दाखवलं. मासेमारीच्या जाळ्यासारखी ही युक्ती; मात्र अशी पुष्कळ जाळी एकमेकांत गुंतली की त्यांचा गोळा होतो. पुढे जर्मनीतल्याच एर्लांगेनच्या गटाने ग्रंथींच्या तोंडाशी हेच गोळे दाखवले.

हे थेट सूरजागडला आणून चिकटवता येणार नाही. अंड्याचं प्रथिन ॲलर्जी जागवतं. हेमाटाइटची धूळ मुख्यतः घासते, टोचते. शिवाय प्रयोगशाळेतला उंदीर एका जातीचा, एका वयाचा, एकच चारा खाणारा. त्याच भागातल्या एटापल्लीतल्या बाईच्या डोळ्यांत धूळ, धूर, परागकण आणि शेतातला घाम एकदमच जातात. तरी दुखणं धुळीने सुरू होऊन शरीराच्या प्रतिकाराने लांबतं, हा धागा इथेही तपासून पाहण्याजोगा आहे.

उपचारांकडेही मग वेगळ्या नजरेने बघता येतं. तळहातावर बोट घासून रांजणवाडीला लावायची जुनी पद्धत बोटाच्या मळामुळे टाळलेली बरी; पण ऊब हवी हे तिला कळलं होतं. स्वच्छ फडक्याचा कोमट शेक काही मिनिटं द्यायचा, मग पापणीची कड हलक्या हाताने पुसायची, आणि हे रोज. डॉक्टर कधी डॉक्सिसायक्लिन लिहून देतात. ते प्रतिजैविक खरं, पण इथे त्याचा मोठा उपयोग दाह उतरवण्यासाठी असतो. गरोदर बायांना आणि लहान मुलांना ते सहसा देत नाहीत. स्टिरॉइडचे थेंब याच प्रतिकाराला दाबतात, म्हणून दोन दिवसांत लाली जाते आणि माणूस खूश होऊन दुकानातून तीच बाटली पुन्हा पुन्हा आणतो. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते महिनोन्‌महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो.